गुंतागुंतीच्या आजाराचं मूल: नर्सने त्याची आणि घरच्यांची बाजू कशी मांडावी

गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी, पोटात अन्नासाठी फीडची नळी, आकडीची चार औषधं, मेंदूतलं पाणी वाहून नेणारा शंट आणि पाच विभागांचे पाच डॉक्टर. अशा मुलाच्या पलंगाजवळ उभ्या राहणाऱ्या नर्सला ‘रुग्णाची बाजू मांडा’ असं पहिल्या वर्षापासून सांगितलं जातं. कशी मांडायची, आधी काय आणि नंतर काय, हे मात्र बहुतेकींना कुणी शिकवत नाही. मग त्याच त्या दोन चुका होतात. तयारी न करता डॉक्टरांच्या राउंडमध्ये तळमळीने बोललं जातं, आणि डॉक्टरांच्या लक्षात आवाज राहतो, मुद्दा राहत नाही. किंवा आईवडिलांच्या वतीने आपणच बोलत सुटतो, आणि त्यांचा आवाज आणखी बारीक होतो.

लहान मुलांच्या वॉर्डात काम करताना या दोन्ही चुका मी केल्या आहेत. घरच्यांना जे माहीत आहे ते निर्णय घेणाऱ्याला वापरता येईल अशा रूपात त्याच्यापर्यंत नेणं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून न हलणं, यालाच मी बाजू मांडणं म्हणते. त्याचे टप्पे खाली दिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. सहावा टप्पा फसला तर चूक बहुधा पहिल्या तिनांत सापडते.

टप्पा १: आधी ऐका, फाइल नंतर उघडा

अशा मुलाची फाइल जाडजूड असते, आणि ती वाचली की आपल्याला सगळं कळलं असं वाटू लागतं. त्याआधी आईजवळ, वडिलांजवळ, जो कोणी रात्रंदिवस सांभाळतो त्याच्याजवळ खुर्ची घेऊन बसा. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उभ्यासारखंच उत्तर मिळतं. अर्धा तास सलग मिळत नसेल तर एका शिफ्टमध्ये दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं काढा. हे पाच प्रश्न विचारा:

– बरं असतं तेव्हा हे मूल कसं असतं?
– बिघडायला लागलं की तुम्हाला सगळ्यात आधी काय दिसतं?
– त्याला दुखतंय हे तुम्हाला कशावरून कळतं?
– याआधी दवाखान्यात काय चुकलं होतं, जे पुन्हा व्हायला नको?
– या क्षणी सगळ्यात मोठी काळजी कशाची आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लगेच येत नाही. तक्रार केली तर मुलाकडे दुर्लक्ष होईल, अशी भीती घरच्यांच्या मनात असते. ‘तीच चूक इथे होऊ नये म्हणून विचारतेय’ हे स्पष्ट सांगा आणि गप्प बसा. पेन तोवर खिशात असू दे.

पहिला प्रश्न साधा दिसतो, पण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ज्या बाळाच्या हृदयाचा एकच कप्पा नीट काम करतो आणि ज्याची पहिली शस्त्रक्रिया झाली आहे, त्याचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) अनेकदा ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपासच ठेवायचं असतं. त्याच्यासाठी ८२ हा चांगला आकडा आहे. हे माहीत नसलेला माणूस ऑक्सिजन वाढवून ९८ गाठायला जातो. मग फुप्फुसांकडे जादा रक्त धावतं आणि शरीराच्या वाट्याला कमी येतं. उलट, ज्या मुलाचं सॅच्युरेशन कायम ९८ असतं त्याचं ९२ झालं, तर मॉनिटर कदाचित गप्प राहील, पण आई गप्प राहणार नाही. तिचं म्हणणं आकड्याइतकंच गंभीरपणे घ्या.

दुखण्याचंही तेच. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी फ्लॅक ही मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. तिच्या सुधारित रूपात त्या त्या मुलाच्या खास खुणा लिहायची सोय आहे. कुणी दुखताना हात चावतं, कुणी श्वास रोखून धरतं, कुणी चक्क हसतं. या खुणा घरच्यांकडून घेऊन मोजपट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर रात्रपाळीची नर्स हसणाऱ्या मुलाला ० गुण देऊन पुढे जाईल.

सावध: घरच्यांची भाषा वेगळी असेल तर मोठ्या भावंडाला दुभाषी करू नका. त्याने काय गाळलं हे आपल्याला कळत नाही, आणि नको ते त्याच्या कोवळ्या डोक्यावर पडतं.

तपासा: या मुलाच्या नेहमीच्या स्थितीतल्या तीन गोष्टी तुम्हाला कागद न बघता सांगता येतात का? नसतील तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा २: एक पान तयार करा

एकच पान, पाठपोट चालेल. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थांनी अशा मुलांसाठी ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन फॉर्म’ नावाचा नमुना तयार केला आहे. तो किंवा आपल्या रुग्णालयाचा नमुना घ्या. नमुना कोणताही असो, एक प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा: रात्री तीन वाजता, या मुलाला कधीच न पाहिलेल्या डॉक्टरला पहिल्या दोन मिनिटांत काय कळायला हवं?

बहुतेक जणी निदानांची लांबलचक यादी सर्वांत वर लिहितात. ती खाली जाऊ द्या. माझा क्रम असा असतो:

१. नाव, जन्मतारीख, वजन किलोमध्ये, आणि ते वजन कोणत्या तारखेचं.
२. ‘हे करू नका’ ही चौकट, ठळक अक्षरांत.
३. नेहमीची स्थिती: सॅच्युरेशन, श्वासाचा वेग, शुद्ध, हालचाल, बोलण्याची पद्धत.
४. शरीरातली उपकरणं: प्रकार, माप, शेवटची कधी बदलली.
५. ‘असं झालं तर असं करा’: तीन-चार ओळी, जास्त नाही.
६. औषधं आणि अ‍ॅलर्जी.
७. निदानं, शस्त्रक्रिया.
८. कुणाला फोन करायचा: दिवसा कुणाला, रात्री कुणाला.

दुसऱ्या चौकटीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एका मुलासाठी वाचवणारी गोष्ट दुसऱ्यासाठी घातक असते. किटोजेनिक (साखर-पिष्ट अगदी कमी, स्निग्ध पदार्थ जास्त) आहारावर असलेल्या आकडीच्या मुलाला ग्लुकोजचं सलाइन किंवा साखर असलेलं तापाचं सिरप दिलं, तर आठवड्यांची मेहनत वाया जाते आणि आकडी परत येऊ शकते. चयापचयाचे काही आजार मात्र असे असतात की त्या मुलाला उपाशी ठेवणंच धोक्याचं, आणि शस्त्रक्रियेआधी खाणंपिणं बंद करताना ग्लुकोजचं सलाइन सुरू करावंच लागतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करत नसतील तर ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी स्टेरॉइडचा वाढीव डोस लागतो, आणि तो चुकला तर मूल झपाट्याने कोसळतं. स्पायना बिफिडा (जन्मतः कण्यातली फट) असलेल्या मुलांना लेटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) अ‍ॅलर्जीचा धोका मोठा असतो, त्यामुळे हातमोज्यांपासून कॅथेटरपर्यंत सगळं लेटेक्सविरहित हवं. आणि वरचा श्वासमार्ग पूर्ण बंद असलेल्या ट्रॅकिओस्टॉमीच्या मुलाला नाकातोंडावर मास्क धरून श्वास देता येत नाही, गळ्यातल्या वाटेनेच द्यावा लागतो. ही एक ओळ पानावर नसेल तर घाबरलेल्या हातांकडून मास्क तोंडावरच जाणार.

उपचाराची प्रत्येक ओळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वाचून सही केलेली हवी. आपण गोळा करतो, मांडतो, विचारतो. उपचार स्वतःच्या मनाने लिहीत नाही.

सावध: तारीख नसलेलं पान जुनंच समजावं. प्रत्येक ऑपरेशन, औषधबदल आणि भरती यांनंतर नवीन पान काढा आणि जुनं फाडून टाका. दोन पानं घरात असली की नेमकं चुकीचं हाती लागतं.

तपासा: या मुलाला न ओळखणाऱ्या सहकारी नर्सला पान द्या. दोन मिनिटांनी काढून घ्या आणि विचारा, ‘याला काय करायचं नाही?’ तिला सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा.

टप्पा ३: औषधं घरच्यांसमोर बसून जुळवा

औषधांच्या तीन याद्या असतात. एक फाइलमधली, एक मागच्या डिस्चार्ज कार्डावरची, आणि तिसरी घरी प्रत्यक्षात दिली जाते ती. खरी तिसरी. ती मिळवायची तर ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारून भागत नाही. बाटल्या, पाकिटं आणि रोजच्या वापराची सिरिंज आणायला सांगा. मग म्हणा, ‘घरी जसं काढता तसं मला काढून दाखवा.’

सगळ्यात जास्त घोटाळा मिलीचा होतो. डोस ५० मि.ग्रॅ. आहे. पूर्वीच्या बाटलीत एका मिलीत १० मि.ग्रॅ. औषध होतं, म्हणून घरी ५ मिली द्यायचे. नव्या बाटलीत एका मिलीत ५० मि.ग्रॅ. आहे. हात सवयीने ५ मिलीच काढतो आणि मुलाला पाचपट औषध जातं. म्हणून यादीत मि.ग्रॅ., मिली आणि बाटलीवरची तीव्रता या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहा. चमचा हे माप वापरूच नका. दशांश लिहिताना ‘.५’ नको, ‘०.५’ लिहा. ‘१.०’ नको, नुसतं ‘१’ लिहा. टिंब पुसट छापलं गेलं की दहापट चूक होते.

आणखी दोन गोष्टी बघा. मूल वाढलं पण डोस जुन्याच वजनावर राहिला का? नऊ किलोचं मूल तेरा किलोचं झालं आणि आकडी वाढली, तर आधी हे तपासा. नळीतून औषध देत असतील तर नळीचं टोक पोटात आहे की आतड्यात, आणि कुटून देत असलेल्या गोळ्यांत हळूहळू विरघळणारी गोळी तर नाही ना, हे फार्मासिस्टला विचारा.

एक काम सहसा कुणीच करत नाही. चोवीस तासांचं वेळापत्रक कागदावर काढा: औषधं, फीड, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), नेब्युलायझर, मशिनचे अलार्म. मग आईच्या सलग झोपेचे तास मोजा. एका घरात ते अडीच तास निघाले. पहाटे तीनचा डोस कुणी ठरवला होता याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, भरतीच्या वेळेनुसार तो तसा पडला होता. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्याशी बोलून दोन वेळा एकत्र करता आल्या. झोप न मिळालेल्या हातांकडून चुका होतात, म्हणून हे वेळापत्रकही उपचाराचाच भाग समजून मांडा.

टप्पा ४: एकच नेमकी मागणी ठरवा

‘आईला काळजी वाटतेय’ ही मागणी नाही. ‘जरा बघाल का?’ हीसुद्धा नाही. बोलायला जाण्याआधी एक वाक्य लिहा, ज्यात काय हवं, कुणाकडून आणि कधीपर्यंत हे तिन्ही असेल.

अस्पष्ट: ‘फीड सहन होत नाहीये.’
नेमकं: ‘रात्रीच्या फीडनंतर चार दिवसांत तीनदा उलटी झाली. फीडचा वेग कमी करायचा का, हे आहारतज्ज्ञांनी आजच्या राउंडमध्ये सांगावं.’

अस्पष्ट: ‘सगळ्या तपासण्या वेगवेगळ्या दिवशी लावल्यात, घरच्यांचे हाल होतात.’
नेमकं: ‘एमआरआय आणि कानाची तपासणी दोन्हींना भूल लागणार आहे. एकाच भुलेत होतील का, हे भूलतज्ज्ञांना मंगळवारपर्यंत विचारून द्यावं.’

मागण्या चार असतील तर आज एक, सगळ्यात धोक्याची. बाकीच्या लिहून ठेवा. आणि निर्णय खरंच कुणाच्या हातात आहे ते आधी शोधा. पाच विभाग असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ‘या मुलाचे मुख्य डॉक्टर कोण?’ याचं एकच नाव मिळत नसेल, तर तुमची पहिली मागणी ते नाव ठरवण्याची असू दे.

टप्पा ५: बोलण्याची जागा घरच्यांना द्या

त्यांना विचारा: ‘राउंडमध्ये तुम्ही बोलाल, मी बोलू, की दोघं मिळून?’ काही आई अस्खलित बोलतात, फक्त कुणी त्यांना थांबवू नये एवढंच हवं असतं. काहींना तुम्ही सुरुवात करून दिलेली हवी असते. परवानगी न घेता त्यांच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नका, मदतीच्या हेतूनेही नाही.

राउंडच्या आधी दहा मिनिटं सराव करा. तीन प्रश्न कागदावर, सगळ्यात महत्त्वाचा पहिला, कारण तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत राउंड पुढच्या पलंगाकडे सरकतो. पुढे कोण कोण येईल आणि कोणता शब्द कानावर पडू शकतो, हे आधी सांगून ठेवा. राउंडमध्ये तुमचं काम एवढंच: त्यांना पलंगाच्या डोक्याशी उभं करणं, ‘बेड चारची आई’ न म्हणता नावाने ओळख करून देणं, आणि मध्येच कुणी बोलू लागलं तर ‘त्यांचं पूर्ण होऊ द्या’ असं शांतपणे म्हणणं.

मूलही विसरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतल्या बाराव्या कलमानुसार आपल्याविषयीच्या निर्णयांत मत मांडायचा हक्क मुलाला आहे, आणि वय व समज यांनुसार त्या मताला वजन द्यायचं असतं. बोलता न येणाऱ्या मुलालाही मत असतं. त्याचा चित्रांचा बोर्ड, चष्मा, कानाचं यंत्र हे भरतीच्या दिवशी कपाटात जातं आणि डिस्चार्जलाच बाहेर येतं, असं मी वारंवार पाहिलंय. ते उशाशी ठेवा. ‘आधी डावा हात की उजवा?’ एवढं विचारलं तरी सुई टोचण्याआधी त्याचा धीर टिकतो.

टप्पा ६: मांडा

फोनवर असो वा समोर, चार भाग याच क्रमाने: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. एसबार या नावाने ही पद्धत बहुतेकींनी ऐकलेली असते. चुकतं ते असं की पार्श्वभूमीतच पाच मिनिटं जातात आणि मागणी राहूनच जाते. शंट असलेल्या मुलीचं हे उदाहरण बघा.

परिस्थिती: ‘डॉक्टर, शंट असलेल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल बोलतेय. सकाळपासून तीन उलट्या झाल्यात आणि ती नेहमीपेक्षा जास्त झोपाळू आहे.’

पार्श्वभूमी: ‘शंट दोनदा बदललाय. दोन्ही वेळा सुरुवात अशीच होती असं आई सांगतेय, आणि जुन्या नोंदींतही तेच आहे.’

अंदाज: ‘ताप नाही, जुलाब नाहीत. पोटाचा संसर्ग म्हणून हे सोडून द्यावं असं मला वाटत नाही. शंट बंद पडला असेल अशी शंका आहे.’

मागणी: ‘तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन तिला तपासावं आणि न्यूरोसर्जरीला कळवायचं का ते ठरवावं.’

उत्तर आलं की तेच परत म्हणून खात्री करा. ‘बघतो’ हे उत्तर धरू नका. ‘किती वाजता येताय, म्हणजे मी आईला सांगते’ असं विचारा.

सावध: ‘आई फार घाबरट आहे’ हे वाक्य शिफ्ट संपताना ओव्हर देताना, फोनवर, नोंदीत, कुठेही वापरू नका. त्या एका वाक्यानंतर तिचं प्रत्येक म्हणणं घाबरटपणात जमा होतं. तिचे शब्द जसेच्या तसे सांगा: ‘आई म्हणते, मागच्या वेळी शंट बंद पडला तेव्हा ती अशीच डोळे मिटून होती.’

टप्पा ७: ऐकलं गेलं नाही तर

इथे रागावण्याची किंवा गप्प बसण्याची पाळी येते. दोन्हीऐवजी पायऱ्या चढा. एकाच माणसाशी बोलताना आधी म्हणा, ‘मला काळजी वाटतेय.’ मग, ‘मला हे ठीक वाटत नाहीये.’ मग, ‘हा मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.’ तिसऱ्या वाक्यानंतरही काही हललं नाही तर इनचार्ज सिस्टर, मग वरिष्ठ डॉक्टर, आणि मूल डोळ्यांदेखत बिघडत असेल तर पायऱ्या न मोजता थेट आपत्कालीन टीम. ‘मी आता वरिष्ठांना कळवतेय’ हे संबंधित डॉक्टरांना सांगूनच पुढे जा. पाठीमागून गेलात तर पुढच्या वेळी दार बंद असतं.

घरच्यांनाही ही वाट दाखवा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून ‘रायन्स रूल’ आहे: आधी नर्स किंवा डॉक्टर, मग शिफ्टची प्रमुख नर्स, आणि तरीही समाधान झालं नाही तर घरचे स्वतः फोन करून वेगळ्या तपासणीची मागणी करू शकतात. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत २०२४ पासून तसाच ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. दोन्हींच्या मागे एकेका मुलाचा मृत्यू आहे, आणि दोन्ही घरांत आईवडील ‘बिघडतंय’ असं सांगत होते. आपल्या रुग्णालयात अशी सोय असेल तर ती भरतीच्या पहिल्या दिवशी सांगा, संकटाच्या रात्री नव्हे. नसेल तर ‘रात्री मी नसेन तेव्हा कुणाला उठवायचं’ हे नावासकट लिहून द्या.

कधी असंही होतं की घरच्यांचं म्हणणं आपल्याला पटत नाही, किंवा ते उपचाराला नाही म्हणतात. तेव्हा आधी कारण विचारा. बहुतेकदा त्यामागे मागचा वाईट अनुभव किंवा न समजलेली माहिती असते. तरीही तिढा सुटला नाही आणि मुलाचं हित धोक्यात असेल, तर समाजसेवा विभाग आणि नैतिकता समितीकडे जा, आणि तसं जाताय हे घरच्यांना तोंडावर सांगा.

टप्पा ८: नोंद

थोडक्यात: वेळ, काय दिसलं, घरच्यांचे शब्द, कुणाला कळवलं, काय उत्तर मिळालं, पुढे काय झालं. मत नको, विशेषणं नकोत. त्याच शिफ्टमध्ये लिहा.

टप्पा ९: घरी पाठवण्याची तयारी

सर्वाधिक घाई इथेच होते आणि सर्वाधिक नुकसानही. डिस्चार्जची तारीख ठरली की शिकवणी सुरू होते. व्हायला हवं उलटं: शिकवणी पूर्ण झाली की तारीख.

शिकणारी माणसं दोन हवीत. एकटी आई शिकली आणि तिलाच ताप आला तर काय? दोघांनीही प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातांनी, तुम्ही फक्त बघत असताना, न अडखळता करून दाखवायला हवी, आणि तीही वेगवेगळ्या दिवशी. ‘समजलं ना?’ विचारलं की सगळे मान डोलावतात. त्याऐवजी म्हणा, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. रात्री नळी निघाली तर काय कराल, मला करून दाखवा.’

संकटाचा सराव बाहुलीवर घ्या, घड्याळ लावून. ट्रॅकिओस्टॉमी बंद पडली: सक्शन, जमलं नाही तर नळी बदला, तीही जात नसेल तर एक माप लहान नळी, मदतीला फोन, आणि तोवर श्वास कसा द्यायचा. क्रम आपल्या टीमने ठरवलेलाच शिकवा आणि तोच पानावर लिहा. फीडच्या नळीचं वेगळं आहे. पोटावरचं छिद्र जुनं असेल तर निघालेल्या नळीच्या जागी काहीतरी लवकर घालावं लागतं, कारण काही तासांत वाट आकसू लागते. शस्त्रक्रिया नवीन असेल तर घरी नळी परत घालायचा प्रयत्नच करायचा नाही, थेट रुग्णालयात यायचं. आपलं मूल या दोहोंपैकी कुठे बसतं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे घरच्यांना पाठ असू दे.

मग एक-दोन रात्री त्यांना वॉर्डातल्याच वेगळ्या खोलीत मुलासोबत राहू द्या. घरचीच मशिन्स, अलार्मही तेच, आणि नर्स दाराबाहेर. सगळ्या उणिवा त्या रात्री कळतात: अलार्म ऐकू येत नाही, सक्शन मशिनची वायर पलंगापर्यंत पोचत नाही, दोघांपैकी एक जण उठतच नाही.

उपकरणं मुलाच्या आधी घरी पोचलेली हवीत, लावून बघितलेली हवीत. वीज गेली तर बॅटरी किती तास टिकते, हे कागदावरून नको, चालवून बघा.

मुलासोबत कायम फिरणारी पिशवी वेगळी: त्याच मापाची नळी, एक माप लहान नळी, बांधायच्या पट्ट्या, कात्री, पाण्यात विरघळणारं जेल, सक्शनचे कॅथेटर, बॅटरीवर चालणारं सक्शन मशिन, अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), आणीबाणीचं औषध, आणि दुसऱ्या टप्प्यातलं ते पान. ही पिशवी खोलीबाहेर तपासणीला जातानाही सोबत असू दे, म्हणजे सवय इथूनच लागते.

तपासा: डिस्चार्जच्या सकाळी चार गोष्टी बघा. दोघांचं शिकून झालं का? उपकरणं घरी चालू आहेत का? आठवडाभर पुरेल एवढं सामान आहे का? रात्री कुणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर सहाव्या टप्प्यातल्या चार भागांत ‘आज नको’ हे मांडा. पलंगाची कितीही टंचाई असो, अर्धवट तयारीने गेलेलं मूल परत येतं, आणि कधी कधी जास्त आजारी होऊन येतं.

टप्पा १०: घरी गेल्यावर

दोन-तीन दिवसांत फोन करा. ‘सगळं ठीक?’ विचारलंत तर ‘हो’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: कोणतं औषध मिळालं नाही? काल रात्री कोण किती वेळ झोपलं? कोणता अलार्म कशाचा ते कळलं नाही? सक्शन किती वेळा लागलं, वॉर्डपेक्षा जास्त की कमी? पुढच्या तारखा कोणाकोणाच्या आहेत आणि त्यातल्या दोन एका दिवशी घेता येतील का? भावंडांची चौकशीही करा. त्या घरात त्यांच्याकडे बघायला बहुधा कुणाला फुरसत मिळालेली नसते.

शाळा सुरू होणार असेल तर त्या पानाची शाळेसाठी वेगळी, सोपी प्रत करा: कोणती तीन लक्षणं दिसली की काय करायचं, आणि कोणी शिकवणी घेतली आहे. सगळी वैद्यकीय माहिती शाळेला द्यायची नाही. किती द्यायची हे घरचे ठरवतील.

आणि मूल बारा-चौदा वर्षांचं झालं की मोठ्यांच्या दवाखान्यात जायची तयारी सुरू करा. तिथे मुलांच्या वॉर्डातली नर्स सोबत नसेल. भेटीची पहिली पाच मिनिटं त्याच्याशीच बोला. त्याला जमेल त्या मार्गाने, बोलून, बोर्डावर किंवा डोळ्यांनी, स्वतःच्या औषधांपैकी एकाचं नाव, ते कशासाठी आहे आणि ‘हे करू नका’ या चौकटीतली एक ओळ त्याने सांगावी. पुढच्या भेटीत दोन ओळी. आई मध्ये बोलू लागली तर तिला हळूच सांगा, ‘थांबा, त्याचं पूर्ण होऊ द्या.’